आठ दिवसांचे कच्चे टाके

कटरबाईने जाहिरात लिहिली ती खाकी कागदावर. याच कागदावर ती गेली एकतीस वर्षं पँटांचे, कोटांचे आणि दवाखान्यातल्या झग्यांचे साचे काढत आली होती. मजकूर असा : 'एका बाईसाठी खोली. अकरा फूट बाय नऊ फूट दोन इंच. खिडकी एक, पूर्वेला. स्वयंपाकघर आणि बाथरूम सामायिक. घरात दुसरी बाई एक, वय त्रेपन्न, बोलते.'

शेवटचा शब्द तिने दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा राहू दिला. नंतर कुणी फसवलं म्हणायला नको.

खरं तर तिला कुणीच नको होतं. आई गेल्यापासून दोन वर्षं ती त्या दोन खोल्यांत एकटी राहत होती आणि, कुणाला सांगायची सोय नाही, पण मजेत राहत होती. रेडिओ हवा तेवढा मोठा, जेवण हवं तेव्हा, आणि कापायचं टेबल घराच्या मधोमध. मग दोन महिन्यांपूर्वी ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली. डावं मनगट मोडलं, ते एक झालंच. पण उठता येईना म्हणून ती तीन तास ओल्या फरशीवर पडून राहिली, आणि खालच्या मजल्यावरच्या म्हातारबुवांच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं तेव्हा कुठे जगाला पत्ता लागला.

ते तीन तास दादाने उचलून धरले. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, पेन्शनीत निघालेला हेडक्लार्क. अजूनही तिला 'छोटी' म्हणतो.

"छोटी, आता पुरे. एक तर कुणीतरी धड माणूस सोबतीला ठेव, नाहीतर आमच्याकडे ये. पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. दोन्हीपैकी काहीतरी एक झालेलं असलं पाहिजे."

दादाकडची खोली तिला माहीत होती. त्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं, बंद पडलेला टीव्ही होता, नातवाची लहान झालेली सायकल होती. म्हणजे घरात ज्याचं काय करायचं ते ठरत नाही, त्याची ती खोली. त्या रांगेत आपण चौथ्या, हे तिला दिसत होतं. पण दादाला तोंडावर 'नाही' म्हणणं तिला जन्मात कधी जमलं नव्हतं. सतराव्या वर्षी त्याने 'टायपिंग शीक' म्हटलं तेव्हाही तिने 'हो' म्हटलं होतं, आणि चोरून शिवणाच्या क्लासला गेली होती.

म्हणून जाहिरात. किराणा दुकानाच्या काचेवर.

पहिली आली तिने खोली न बघताच तीन पोपटांची सोय विचारली. दुसरीच्या वतीने तिची आई आली. तिने तासभर कटरबाईचीच मुलाखत घेतली आणि 'कळवतो' म्हणून निघून गेली. पुढे त्यांनी काही कळवलं नाही, म्हणजे कटरबाई नापास झाली होती.

तिसरी आली ती छपरावर 'शिकाऊ' अशी पाटी असलेल्या गाडीतून. कटरबाई खिडकीतून बघत होती. खाली दोन कचऱ्याच्या डब्यांच्या मधे जेमतेम गाडीएवढी जागा होती. त्या बाईने आरशात एकदा बघितलं, मान वळवून एकदा बघितलं, आणि मागे घेत एका दमात गाडी त्या फटीत बसवली, डावीउजवीकडे वीतभर सारखं अंतर सोडून. कटरबाईच्या तोंडून 'वा' निघून गेलं. तिला नीटनेटक्या कामाचं फार कौतुक.

ती ड्रायव्हिंग शिकवणारी बाई होती, म्हणजे गाडीबाई. पंचेचाळिशीची, केस बारीक कापलेले, निळी पँट, जाड बूट. जिना हळू चढली आणि दारातून आत येताच समोरच्या खुर्चीत बसली.

"आधीची जागा का सोडता?" कटरबाईने विचारलं.

"मालकिणीचा मुलगा परत येतोय. त्याला त्याची खोली हवी. हक्काची आहे त्याची." मग थोडं थांबून, "तुम्ही का देताय?"

"मी पडले होते. कुणीतरी घरात असावं असं सगळ्यांना वाटतं."

"तुम्हाला वाटतं का?"

हा प्रश्न दोन महिन्यांत कुणी विचारला नव्हता. कटरबाईने चहाचा कप उगाच फिरवला. "अजून ठरायचंय," ती म्हणाली.

"माझंही तसंच. मला घरात कुणी विचारपूस करत बसलेलं आवडत नाही. दिवसभर मीच लोकांना सूचना देत असते."

"हे बघा," कटरबाई म्हणाली, "आमच्याकडे कोट एकदम शिवत नाहीत. आधी कच्चे टाके घालतात, लांब लांब, पांढऱ्या दोऱ्याने. घालून बघायचा, कुठे ओढतो, कुठे फुगतो ते. बसला तर पक्की शिलाई. नाही बसला तर दोरा ओढायचा, कापडाला काही होत नाही. आपण आठ दिवस कच्चे टाके घालू. पुढच्या रविवारी ठरवू."

गाडीबाईने तिच्याकडे, मग टेबलावरच्या मोठ्या कात्रीकडे बघितलं. "चालेल," ती म्हणाली. "आमच्याकडे याला शिकाऊ परवाना म्हणतात."

दुसऱ्या दिवशी ती दोन बॅगा आणि एक टेबललँप घेऊन आली.

पहिले चार दिवस कुठे फारसं ओढलं नाही. म्हणजे थोडं ओढलंच. गाडीबाई पातेल्यांचे दांडे नेहमी भिंतीकडे वळवून ठेवायची, जाता-येता कुणाचा धक्का लागू नये म्हणून. कटरबाई स्वयंपाकघरातून झटकन बाहेर पडली की ती सवयीने म्हणायची, "बाहेर पडताना बघा." आणि कटरबाई उकळता चहा घेऊन चालू लागली की बसल्या जागी गाडीबाईचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. शिकाऊ मुलांच्या शेजारी बसून तिच्या पायाला ब्रेकची सवय लागलेली. कटरबाईने हे दुसऱ्याच दिवशी हेरलं आणि मुद्दाम कप तिरका धरून बघितला. पाय दाबला गेला. "मेली चिडवतेय मला," गाडीबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

कटरबाई आंघोळीला गेली की गाडीबाई 'ठीक आहात ना' असं विचारायची नाही. बाहेर रेडिओ बारीक करायची, एवढंच. ते कटरबाईच्या लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं. पण एक गोष्ट तिला टोचत होती. गाडीबाई घरातसुद्धा बूट घालून वावरायची. आपल्या खोलीत शिरेपर्यंत काढायची नाही. कुठल्याही क्षणी निघून जायच्या तयारीत असलेल्या माणसासारखी.

दादाचा फोन रोज. "कोण आहे ती? कुठली? मागचंपुढचं कोण?"

"गाडी शिकवते."

"ते कळलं. पण माणूस कसं आहे?"

"दादा, माणूस बघून कळतं मला. एकतीस वर्षं बघतेय."

आणि ते खोटं नव्हतं. वर्कशॉपमध्ये तिची ख्यातीच होती. माणूस दारातून टेबलापर्यंत चालत आला की टेप न लावता ती कंबर, उंची, बाही सांगायची. एक खांदा खाली असेल तर तेही. नवीन मुली तिच्याशी पैजा लावायच्या आणि हरायच्या.

गुरुवारी वर्कशॉपची वीज गेली आणि ती दुपारीच घरी आली. बाल्कनीतल्या दोरीवर गाडीबाईच्या तीन निळ्या पँटा वाळत होत्या. कटरबाई कपडे काढायला गेली आणि जागीच थबकली. पँटांचा डावा पाय उजव्यापेक्षा लांब होता. चांगला सव्वा इंच. पहिल्याच दिवशी तिला वाटलं होतं, ही पँट डाव्या टाचेवर लोळतेय. आता तर डोळ्यांसमोर टांगलेली. आणि एकीची नव्हे, तिन्हींची तीच गत.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, तिन्ही सारख्याच आहेत म्हणजे काहीतरी कारण असेल. पण कटरबाईने आयुष्य साच्यांत घालवलं होतं. साचा एकदा चुकला की हजार पँटा तशाच चुकतात, हे तिला पाठ होतं. कुठल्यातरी कारखान्यातल्या आळशी कटरने साचा तपासला नाही, आणि ही बिचारी तीन पँटा लोळवत फिरतेय!

पँटा काढल्या, टेबलावर पसरल्या. मनगटाचं प्लास्टर निघून आठवडा झाला होता. कात्री चालवताना कापड धरलेला डावा हात थरथरला नाही, याचाच तिला इतका आनंद झाला की पुढचं सगळं त्या आनंदातच झालं. खडूची रेघ. करकर करकर. दुमड, शिलाई, इस्त्री. जादा कापडाच्या तीन पट्ट्या चिंध्यांच्या पिशवीत. पँटा घडी घालून तिने गाडीबाईच्या दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवल्या. सांगितलं नाही. आपलं काम आपण काय सांगायचं, घातल्यावर कळेलच.

कळलं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला गाडीबाई घाईत वरची पँट चढवून निघून गेली. संध्याकाळी परत आली ती खुर्चीत बसली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"ताई, जरा खाली बघा."

कटरबाईने बघितलं. डाव्या बुटाचा तळवा उजव्याच्या दुप्पट जाड होता. काळा, ठोकळ्यासारखा, मोच्याने थर चढवून बनवलेला. पँट आता अगदी बरोबर संपत होती, म्हणून तो सगळाच्या सगळा दिसत होता.

"डावा पाय दीड इंच कमी आहे. लहानपणापासून," गाडीबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "बूट झाकला जावा म्हणून डावीकडे कापड लांब ठेवते. हाताने शिवते मी स्वतः. आज पहिला शिकाऊ गाडीत बसायच्या आधी बुटाकडे बघत होता, दुसरी पण. शिकाऊ माणसाचे डोळे आधीच रस्त्यावर नसतात. ते माझ्या बुटावर आलेले मला परवडत नाहीत."

"मला वाटलं, साचा चुकलाय."

"विचारलं का नाहीत?"

"तुम्ही पण सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं होतं? नमस्कार, मला खोली हवी आहे आणि माझा एक पाय दीड इंच आखूड आहे?" तिने भिंतीवरच्या खाकी कागदाकडे हात केला, जाहिरात कटरबाईने काढून आणून तिथेच टोचली होती. "तुम्ही लिहिलंत, बोलते. कापते असं लिहायला हवं होतं."



"मी परवा निघते," गाडीबाई म्हणाली. "कच्चेच टाके होते ना?" आणि खोलीचं दार लावून घेतलं.

एकतीस वर्षांची नजर! पाच दिवस बाई समोर बसली, जिना हळू चढली, बूट काढले नाहीत, आणि आपल्याला दिसली ती फक्त पँट. कटरबाई टेबलाशी बसून राहिली. मग चिंध्यांच्या पिशवीतून तिने तिन्ही पट्ट्या शोधून काढल्या. एकीच्या कडेला गाडीबाईचे हाताचे टाके अजून होते, वाकडेतिकडे, पण घट्ट. त्यांच्याच वर तिने खडूची रेघ मारली होती आणि तिला ते टाके दिसलेही नव्हते.

शनिवारी सकाळी वहिनीचा फोन आला. दादाची बायको मनाने वाईट नाही. दुसऱ्याचं भलं करायला लागली की थांबता येत नाही, एवढंच.

"हे बघ, तुझ्यासाठी अख्खं कपाट रिकामं केलंय. आणि ते तुझं कापायचं टेबल इथे काही मावायचं नाही, म्हणून मी आमच्या शेजारच्या शाळेत बोलून टाकलंय. सोमवारी न्यायला येतील."

"माझं टेबल?"

"अगं, तुला आता कुठे लागणारे? हात मोडलेला. मुलं त्यावर चित्रं काढतील. मला वाटलं, तुला बरंच वाटेल."

मला वाटलं. कटरबाईने फोन कानापासून जरा लांब धरला. काल संध्याकाळी हेच दोन शब्द तिने याच खोलीत, अगदी याच सुरात उच्चारले होते.

"वहिनी," ती म्हणाली, "शाळेला सांगा, टेबल मिळणार नाही."

"अगं पण..."

"टेबल नाही, आणि मी पण नाही. बाकी उद्या दादा आला की बोलते." आणि फोन ठेवला. मग पिशवी उचलून ती कापडाच्या दुकानात गेली.

परत आली ती निळं कापड घेऊन. गाडीबाईकडच्या पँटांपेक्षा वजनदार, न चुरगळणारं. जुन्या पँटा आणि त्या पट्ट्या समोर ठेवून तिला डोळे मिटून साचा काढता आला असता. खडू हातात घेतलाही. मग ठेवला, गळ्यात टेप अडकवला आणि गाडीबाईचं दार वाजवलं.

आत दोन बॅगा उघड्या होत्या. एक अर्धी भरलेली.

"मी मदत म्हणून केलं असं म्हणणार नाही," कटरबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "तुम्ही काही मागितलंच नव्हतं. ते लांब कापड माझ्या डोळ्यांत खुपत होतं म्हणून केलं. चुकलं माझं. मला तीन पँटा शिवून द्यायच्या आहेत. त्यासाठी माप लागेल. द्यायचं नसेल तर देऊ नका."

गाडीबाईने बॅगेतला एक शर्ट उचलला.

"आणि हे राहण्यासाठी नाही. तुम्ही उद्या जा, पँटा कुठे पाठवायच्या ते लिहून ठेवा. मी दादाकडे जाणार नाहीये, तुम्ही असा नाहीतर नसा. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेईन, स्टूल ठेवीन. खालच्या म्हातारबुवांना किल्ली देईन. तसंही त्यांच्या छताला माझी खबर आधी लागते."

गाडीबाईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तिने हातातल्या शर्टाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग उठली.

"बुटासकट घ्या. नंतर बुटाशिवाय."

कटरबाई फरशीवर गुडघे टेकून बसली. बुटासकट घेतलं. मग गाडीबाईने भिंतीला हात टेकून बूट काढला. पाय साधा होता, पायासारखा पाय. टाच तेवढी अधांतरी. कटरबाईने टेप लावला, आकडा मोठ्याने न वाचता लिहिला. वहीत तिने मधोमध उभी रेघ मारली होती : डावा, उजवा. एकतीस वर्षांत अशी रेघ तिने कधी मारली नव्हती. सगळ्या दुनियेचे दोन्ही पाय तिने एकाच आकड्यात बसवले होते, आणि लोकांनी त्या पँटा गुपचूप घालून घेतल्या होत्या.

"दुखतं का?" तिने वर न बघता विचारलं.

"पावलागणिक नाही. संध्याकाळी, जिना चढताना." मग, "विचारलंत ते बरं केलंत."

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली तेव्हा कटरबाईच्या तोंडात सहा टाचण्या होत्या आणि गाडीबाई स्टुलावर उभी होती. अंगात नवी निळी पँट, वरपासून खालपर्यंत पांढऱ्या कच्च्या टाक्यांनी भरलेली, गुडघ्यावर खडूच्या फुल्या. दार उघडंच होतं. दादा आत आला, मागून वहिनी, आणि दोघांच्या हातांत घडी घातलेले मोठे खोके.

"ही कोण?" दादा म्हणाला.

"हलू नका," कटरबाई टाचण्यांतून म्हणाली. ते गाडीबाईला होतं, पण दादाही हलला नाही.

"मी भाडेकरू," गाडीबाई स्टुलावरून म्हणाली. "शिकाऊ."

दादाची नजर उघड्या दारातून खोलीत गेली. भिंतीशी दोन बॅगा, बंद केलेल्या. "या तर निघालेल्या दिसतात. छोटी, मग ठरल्याप्रमाणे..."

कटरबाईने टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. सहाच्या सहा. तेवढा वेळ तिला लागलाच.

"त्या राहतील का जातील ते त्या ठरवतील. मी कुठेही जाणार नाहीये, दादा."

"तीन तास पडली होतीस तू फरशीवर!"

"हो. आणि तुला भीती वाटली, ते कळतं मला. मलाही वाटली होती. पण तीन तास फरशीवर पडले म्हणून उरलेला जन्म इस्त्रीच्या टेबलाशेजारी नाही काढणार. नाही म्हणजे नाही."

दादाने तोंड उघडलं, मिटलं. छत्तीस वर्षांपूर्वीच्या टायपिंगचा सगळा हिशेब एकदम झाल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"हिला कोणी शिकवलं असं बोलायला?" त्याने वहिनीला विचारलं. वहिनीने खोके खाली ठेवले आणि कधी नव्हे ते गप्प राहिली. फक्त जाताना टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मोठंच आहे गं. तिथे खरंच मावलं नसतं."

"चहा घेऊन जा," कटरबाई म्हणाली.

"नको, गाडी वाकडी लावलीये," दादा म्हणाला. जिन्यात पोहोचल्यावर मागे वळून, "ते दांडा-बिंडा काय बसवायचं, तो मी बसवतो. मंगळवारी. विचारून येईन." शेवटचे दोन शब्द त्याला जड गेले, पण म्हणाला.

ते गेल्यावर कटरबाई पुन्हा गुडघ्यांवर बसली. डाव्या पायाची दुमड धरली, बुटाच्या वर पडते का ते लांबून बघितलं. नजरेवर सोडलं नाही, टेप लावला. बरोबर पडत होती. तळवा झाकला जात होता आणि कापड लोळतही नव्हतं.

"पक्की शिलाई घालू का?" तिने विचारलं. "पँटला म्हणतेय मी."

"पँटला घाला," गाडीबाई म्हणाली. खिडकीतून खाली बघत होती. मग जरा वेळाने म्हणाली, "बॅगा काल रात्रीच रिकाम्या केल्यात मी. उचलून बघितल्या असत्या दादांनी तर कळलं असतं."

कटरबाईच्या हातातली टाचणी तिच्याच बोटात गेली. "मग बोलला का नाहीत त्यांच्यासमोर?"

"तुमचं 'नाही' तुमचं तुम्हाला म्हणू द्यायचं होतं. शिकाऊच्या हातातलं स्टिअरिंग मी ओढत नाही. अगदीच आदळायला लागला तर ब्रेक मारते."

कटरबाई बोट तोंडात धरून तिच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात खालून इंजिनाचा आवाज आला आणि गाडीबाईचा उजवा पाय एकदम स्टुलावर दाबला गेला. पँट सरकली, खडूची रेघ तिरकी झाली, दोन टाके तुटले.

"पाय हलवू नका हो!"

"अहो पण तुमचा दादा गाडी मागे घेतोय, आणि मागे बघतच नाहीये!"

"तो कधीच बघत नाही," कटरबाई म्हणाली, आणि सुई पुन्हा ओवायला घेतली. "सरळ उभ्या राहा."